बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्नपर्यंत: मोटरहोममागच्या जीपचे ब्रेक का जळले

कोलोरॅडोतल्या आय-७० महामार्गावर, डेन्व्हरहून पश्चिमेला जाताना ११,१५८ फुटांवर आयझेनहॉवर बोगदा लागतो. बोगद्यातून बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत साधारण आठ मैलांचा घाट आहे. उतार सहा-सात टक्क्यांचा, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी वाटेत वाळू-खडीचे दोन चढते रॅम्प. एक निवृत्त जोडपं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, आणि तिच्यामागे चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढलेली जीप घेऊन हा घाट उतरलं. उतरताना काहीच बिघडलं नाही. उलट चालकाचं म्हणणं, एवढा शांत उतार त्याने कधी अनुभवला नव्हता. सिल्व्हरथॉर्नच्या पेट्रोल पंपावर दार उघडलं तेव्हा जळका वास आला. जीपच्या पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता.

धूर कशामुळे झाला हे मेकॅनिकला पाच मिनिटांत कळलं. ब्रेक सतत लागलेले होते. पण जीपमध्ये कोणी बसलेलं नव्हतं आणि हँडब्रेक सोडलेला होता, मग ब्रेक लावले कोणी, हा खरा प्रश्न होता. त्याचं उत्तर तीन किरकोळ चुकांत दडलेलं होतं. तिन्ही चुका सुट्या सुट्या घेतल्या तर निरुपद्रवी वाटाव्यात अशा.

आधी ही रीत समजून घेऊ, कारण भारतात ती दिसत नाही. आपल्याकडे १९८९ च्या रस्ता नियमांनी चालू, धडधाकट मोटार दुसऱ्या मोटारीमागे ओढायला परवानगीच नव्हती. बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायची, तीही ताशी २४ किलोमीटरच्या आत, दोन गाड्यांत पाच मीटरहून जास्त अंतर न ठेवता, आणि मागच्या गाडीच्या सुकाणूवर परवानाधारक माणूस बसवून. अमेरिकेत मात्र मोटरहोम मुक्कामाला लावली की बाजारहाट करायला आणि डोंगरात भटकायला छोटी गाडी लागतेच, म्हणून ती मागे बांधून न्यायची पद्धत रुळली आहे. तिकडचे मोटरहोमवाले या मागच्या गाडीला ‘टोड’ म्हणतात, म्हणजे ओढलेली (towed); बेडकाच्या जातीतल्या ‘toad’चा उच्चारही तसाच, म्हणून ही कोटी.

या प्रकरणातली मोटरहोम पेट्रोलवर चालणारी, फोर्डच्या एफ-५३ चासीवरची. तिच्या पाटीवर स्वतःच्या वजनाची कमाल मर्यादा १८,००० पाउंड, मागच्या गाडीसकट एकूण २३,००० पाउंड आणि हिचची, म्हणजे मागची गाडी जोडायच्या जागेची, मर्यादा ५,००० पाउंड. मागची गाडी २०१९ ची चारदारी रँग्लर रुबिकॉन, हाताने गिअर टाकायची. तिला दोन इंच उंच केलेलं, पुढे पोलादी बंपर आणि विंच बसवलेली.

निघण्याच्या आदल्या दिवशी ट्रकथांब्यावरच्या काट्यावर वजन केलं होतं, हे कौतुकास्पद. बहुतेक जण कंपनीच्या माहितीपत्रकातल्या वजनावर विसंबतात, आणि त्यात माणसं, डबे, सायकली, बंपर यांपैकी काहीच नसतं. काट्यावर मोटरहोमचा पुढचा आस ६,३२० पाउंड, मागचा ११,२३० पाउंड, एकूण १७,५५० पाउंड भरला. जीप ४,९४०. दोन्ही मिळून २२,४९०. म्हणजे सगळ्या मर्यादांच्या आत. पण त्या वेळी पिण्याच्या पाण्याची टाकी जवळजवळ रिकामी होती. एक गॅलन पाणी ८.३४ पाउंडाचं, टाकी ६० गॅलनची. निघताना ती काठोकाठ भरली, म्हणजे ५०० पाउंड वाढले. मोटरहोम एकटीच १८,०५० झाली, मर्यादेच्या ५० पाउंड वर. एकूण वजन २२,९९०, म्हणजे मर्यादेला फक्त दहा पाउंड शिल्लक. धुराचं कारण हे नव्हतं. पण घाटात हाताशी काही राखीव उरलं नव्हतं, हेही खरं.

जोडणीच्या बाजूला नाव ठेवायला जागा नव्हती. मोटरहोमच्या हिचची उंची १९ इंच आणि उंच केलेल्या जीपच्या पुढच्या जोडपट्ट्यांची २६ इंच, म्हणून सात इंचांचा फरक मोडायला सहा इंच वर उचलणारा अडॅप्टर घातला होता. टो बार, म्हणजे दोन गाड्या जोडणारा दांडा, जवळजवळ आडवा राहिला पाहिजे. दोन टोकांतला फरक तीन इंचांच्या आत असावा, नाहीतर जोरात ब्रेक मारल्यावर मागची गाडी पुढच्या गाडीखाली घुसू पाहते किंवा तिच्यावर चढू पाहते. सुरक्षा-तारा टो बारखालून एकमेकींना छेद देऊन बांधलेल्या होत्या, वळणात ताणल्या जाणार नाहीत इतक्या सैल आणि रस्त्याला घासणार नाहीत इतक्या आखूड. बारचे दोन्ही पाय पूर्ण बाहेर येऊन खटकन अडकले आहेत, हे थोडं पुढे चालवून पाहिलं होतं.

ट्रान्स्फर केस म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या आणि मागच्या आसांना वाटणारी यंत्रणा; तिची पायरीही चोख. ती थोडक्यात सांगून पुढे जाता येत नाही, कारण इथे चूक झाली तर इंजिनच संपतं. हाताच्या गिअरची रँग्लर ओढताना ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये आणि मुख्य गिअरबॉक्स गिअरमध्ये ठेवायचा असतो. सपाट जागी ट्रान्स्फर केसची दांडी एनवर आणायची, इंजिन चालू ठेवून रिव्हर्स टाकायचा, क्लच आणि ब्रेक सोडायचे आणि पाच सेकंद थांबायचं. गाडी जागची हलता कामा नये. मग तेच गाडी पुढे नेणाऱ्या गिअरमध्ये करायचं. त्यानंतर इंजिन बंद करायचं, गिअर तसाच ठेवायचा, बार जोडायचा आणि शेवटी हँडब्रेक सोडायचा. दांडी चुकून फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या सर्वांत संथ चालीत, राहिली तर काय होतं ते गणिताने पाहा. रुबिकॉनचं फोर-लोचं गुणोत्तर ४, पहिल्या गिअरचं ५.१३, आसाचं ४.१०. गुणाकार ८४. ताशी ६० मैलांना ३३ इंची टायर मिनिटाला सुमारे ६१० फेरे घेतो. म्हणजे इंजिनाला मिनिटाला ५१,००० फेरे घ्यावे लागतील. इंजिन त्याच्या कितीतरी आधीच फुटतं. पुढे बसलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही.

आता ब्रेक.

जीपच्या ब्रेकसाठी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली सुटी पेटी होती. ही पेटी चालकाच्या पायाजवळ ठेवतात, तिचा दांडा पेडलला चिमट्याने धरतो, पाठीमागून सीट पुढे सरकवून तिला आधार देतात. आत वेग कमी झाल्याचं ओळखणारा सेन्सर असतो. मोटरहोमने ब्रेक मारला की पेटीला ते जाणवतं आणि दांडा पेडल दाबतो. काही पेट्यांना मोटरहोमच्या ब्रेकलाइटची तारही जोडतात, म्हणजे पुढचा चालक खरोखर ब्रेक दाबेल तेव्हाच पेटी काम करते. या पेटीला ती सोय नव्हती. तिचा सगळा भरवसा सेन्सरवर.

पहिली चूक डेन्व्हरमध्येच झाली. पेटी बसवण्याआधी जीपचं इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबायचं असतं, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल टणक होतं. ते केलं नाही. ट्रान्स्फर केसच्या तपासणीसाठी इंजिन नुकतंच चालवलेलं होतं, त्यामुळे पेडल लोण्यासारखं मऊ होतं. सीट एक खाच जास्त पुढे गेली तेव्हा दांड्याने पेडल थोडंसं, सहा-सात मिलिमीटर, आत दाबून धरलं आणि हाताला ते कळलंच नाही. टणक पेडल असतं तर पेटीच मागे सरकली असती. तेवढ्या दाबाने ब्रेकलाइटही लागला नाही, म्हणून मागून पाहणाऱ्या बायकोलाही काही दिसलं नाही.

हे सहा-सात मिलिमीटर साधे नव्हेत. मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टनच्या अगदी पुढे एक बारीक छिद्र असतं. पेडल पूर्ण वर असेल तेव्हा ते उघडं असतं आणि नळ्यांमधलं ब्रेक ऑइल वरच्या बाटलीत जा-ये करू शकतं. पेडल जरासं दाबलं की पिस्टन ते छिद्र झाकतो, कारण त्याशिवाय दाब तयारच होणार नाही. पेडल अर्धवट दाबून ठेवलं तर छिद्र कायमचं बंद. थंड असताना त्याने काही बिघडत नाही. पण ब्रेक तापले, ऑइल फुगलं, की त्याला परत जायला वाट उरत नाही. दाब वाढतो, पॅड डिस्कला आणखी घट्ट धरतात, आणखी तापतात, ऑइल आणखी फुगतं. ब्रेक स्वतःच स्वतःला लावत जातो. मागच्या गाडीचा ब्रेक लागतो का, हे सगळेच तपासतात. तो पूर्ण सुटतो का, हे बहुधा कोणी तपासत नाही, आणि हे प्रकरण नेमकं तिथे घडलं.

आता सुरुवातीची उष्णता कुठून आली ते पाहू. दुसरी चूक म्हणजे पेटीची संवेदनशीलता सर्वांत वरच्या खुणेवर होती. आदल्या दिवशी रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी १० मैलांवरून ब्रेक मारून पाहिला होता. पेटी दाबत नव्हती, म्हणून खूण वाढवत नेली. इतक्या कमी वेगावर, हलक्या पायाने घेतलेल्या चाचणीचा काही उपयोग नसतो.

घाटात सेन्सर कसा फसतो हे कळायला ओळंबा डोळ्यांसमोर आणा. सपाट रस्त्यावर ब्रेक मारला की गाडीत टांगलेला ओळंबा पुढे झुकतो. आता गाडी उताराला लावा आणि ब्रेक न मारता एकाच वेगाने, इंजिनच्या जोरावर रोखून उतरवा. ओळंबा सरळ जमिनीकडे लोंबतो, पण गाडीच नाकाने खाली झुकलेली असल्यामुळे गाडीतल्या माणसाला तो पुढे झुकलेलाच दिसतो. सेन्सर नेमकं हेच मोजतो. सात टक्के उतारावर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सात शतांश इतका ब्रेक कायम ‘दिसतो’. त्यात टो-हॉल मोडमध्ये, म्हणजे ओझं ओढतानाच्या चालीत, गिअरबॉक्सने खालचा गिअर टाकला, गाडी थोडी आणखी मंदावली, की उंबरठा ओलांडला. पेटीने पेडल दाबलं. चालकाचा पाय ब्रेकवर नव्हताच.

पहिल्यांदा हे बोगद्याच्या बऱ्याच आधी, फ्लॉइड हिलच्या उतारावर घडलं असणार. त्याचा पुरावा टायरच्या मॉनिटरमध्ये सापडला. त्याची नोंद नंतर पाहिली तर जीपच्या चारही टायरांचं तापमान आणि दाब तिथून चढत गेलेला दिसला, पुढच्या टायरांचा जास्त. चालकाने दाबाचा आकडा पाहिला होता. पण उंचीवर गेलं की टायरचा दाब वाढतोच, हे त्याला ठाऊक होतं आणि ते चूकही नाही. डेन्व्हरपासून बोगद्यापर्यंत हवेचा दाब सुमारे अडीच पीएसआयने उतरतो आणि मापकावर तितकीच वाढ दिसते. अर्धवट बरोबर माहिती कधीकधी अज्ञानापेक्षा महागात पडते ती अशी. दाब उंचीने वाढतो, टायरचं तापमान उंचीने वाढत नाही. तापमानाचा आकडा त्याच पडद्यावर, शेजारीच होता.

तिसरी चूक सर्वांत क्षुल्लक. पेटीसोबत एक छोटा रिसीव्हर येतो. मागचा ब्रेक लागला की मोटरहोमच्या डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. रिसीव्हर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसतो. फ्लॉइड हिलच्या आधीच फोन चार्ज करण्यासाठी तो काढला होता. रिसीव्हर कपाच्या खणात पडून होता.

आणि उतार एवढा शांत का वाटला? एकूण १०,४०० किलोचा ताफा दोन हजार फुटांहून जास्त खाली आणायचा म्हणजे ६० मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठेतरी जिरवायची. जवळजवळ दोन लिटर पेट्रोल जळल्यावर निघते तितकी. त्यातली बरीच इंजिन आणि हवा खाते, उरलेली ब्रेक. मागून जीप केवळ १०० किलोच्या जोराने मागे खेचत असेल, तर दहा टनांच्या गाडीच्या चालकाला ते जाणवणारही नाही, फक्त गाडी ‘छान आवरते आहे’ असं वाटेल. पण तेवढ्याच ओढीने १३ किलोमीटरमध्ये १३ मेगाज्यूल उष्णता जीपच्या चार डिस्कमध्ये ओतली जाते. गाडी आवरत होती ती जीप.

पंपावर पोचल्यावर जोडप्याने जे केलं ते बरोबर होतं. गाडी पंपांपासून लांब, सपाट जागी नेली. मोटरहोमचा गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला. चाकांना ठोकळे लावले आणि जीपचा हँडब्रेक ओढला नाही. अग्निशामक नळकांडं हातात धरून बाजूला उभे राहिले. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायचं नसतं, बिडाचं लोखंड तडकतं. पेटी काढल्यावर वीस मिनिटांनी इन्फ्रारेड थर्मामीटरने घेतलेले आकडे असे होते: पुढची डावी ३१० अंश सेल्सियस, पुढची उजवी ३०५, मागच्या १७० आणि १७५. निदान यातच आहे. एकच चाक तापलं असतं तर पॅड दाबणारा कॅलिपर अडकलेला, मागची दोनच तापली असती तर हँडब्रेक राहिलेला. चारही तापली, पुढची जास्त आणि डावी-उजवी सारखी, म्हणजे पेडल दाबलेलं होतं.

पेडलवर पाय ठेवला तर ते थेट जमिनीला टेकलं. ऑइलला उकळी फुटली होती. डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, हवेतला ओलावा शोषून जुनं झालं की १४० ला. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. तासाभराने थंड झाल्यावर पेडल पुन्हा टणक लागलं आणि नवऱ्याला वाटलं, आता जीप चालवत गॅरेजला नेता येईल. इथे बायकोने हट्टाने फ्लॅटबेड ट्रक मागवला. तिचंच बरोबर होतं. वाफ थंड होऊन पाणी झालं म्हणजे ऑइल नवं होत नाही, पुढच्या उतारावर पेडल पुन्हा जमिनीला गेलं असतं. गॅरेजमध्ये पुढचे पॅड आणि डिस्क बदलले, पॅडवर काचेसारखा थर धरला होता. मागचे पॅडही बदलले, सगळं ब्रेक ऑइल काढून नवं भरलं, कॅलिपरची रबरं तपासली. पुढच्या बेअरिंगचं ग्रीस वितळलं नव्हतं, हे नशीब.

पुढच्या प्रवासाआधी काय बदललं? सुटी पेटी गेली. तिच्या जागी कायमची बसवलेली प्रणाली आली. तिला मोटरहोमच्या ब्रेकलाइटचा इशारा मिळाल्याशिवाय ती पेडल ओढत नाही, आणि स्वतःचा व्हॅक्यूम तयार करते, त्यामुळे बंद इंजिनातही जीपचा बूस्टर चालतो. ती पेडलला सैल तारेने ओढते, म्हणून काम नसताना पेडल पूर्ण वर येतं. तरी त्याचीही खात्री करतात: जोडणी झाल्यावर पेडलखाली बोट घालून ते वर उचलून पाहायचं. वर सरकलं तर तार ताणलेली आहे. सुटी पेटीच वापरणाऱ्यांनी पेटी बसवल्यावर चिमटा आणि पेडल यांत एक कागद सरकतो का पाहावं, सरकला नाही तर सीट एक खाच मागे घ्यावी.

टो बार तुटला तर जीपचे ब्रेक लावणाऱ्या ब्रेकअवे स्विचची तार आधी टो बारलाच अडकवलेली सापडली. बारच निखळला तर तार त्याच्याबरोबर जाईल आणि स्विच ओढलाच जाणार नाही. आता ती मोटरहोमच्या चौकटीला, सुरक्षा-तारांपासून वेगळी बांधली आहे. दर सहलीआधी खिटी उपसून जीपचे ब्रेक लागतात हे पाहतात, आणि खिटी परत घालून ते सुटतात हेही.

वजनाचा हिशेबही नव्याने केला. सायकलींचा स्टँड आणि हत्यारांची पेटी घरी राहिली, जीप ४,६९० वर आली. पाणी २० गॅलनच घ्यायचं, बाकी मुक्कामी भरायचं. मोटरहोम १७,७२० च्या आसपास, एकूण २२,४१० पाउंड. जीप ट्रेलरवर चढवून न्यायचा विचार झाला होता. ट्रेलरचंच वजन दोन हजारांच्या घरात, मग २३,००० ची मर्यादा मोडते. पुढची दोन चाकं उचलणारी डॉली चारचाकी चालीच्या गाडीला चालत नाही, मागचा ड्राइव्हशाफ्ट काढावा लागतो.

चाचणी यावेळी नीट घेतली. रिकामा सपाट रस्ता, ताशी २५ मैल, सणसणीत ब्रेक, बाजूला उभ्या माणसाने जीपची चाकं पाहायची. ब्रेक लागले पाहिजेत, पण चाकं घसरता कामा नयेत. मग पंधरा मिनिटं साध्या रस्त्याने चालवून चारही डिस्क मोजायच्या. हाताला कोमट लागेल इतपत, साधारण ६० अंशांच्या आत असल्या की बरं. त्याहून वर असेल तर पुढे जाण्याआधी कारण शोधायचं. रिसीव्हरचा सॉकेट आता स्वतंत्र आहे आणि फोनला दुसरा.

घाट उतरण्याची पद्धतही बदलली. वेग वरच ठरवायचा, उतरायला लागल्यावर नाही. टो-हॉल चालू, दुसरा किंवा तिसरा गिअर. पेट्रोल इंजिन ४,००० फेऱ्यांवर ओरडतं, पण त्यात काही वावगं नाही, नव्या चालकांना ते ऐकवत नाही एवढंच. वेग ४५ वर गेला की ब्रेक ठाम दाबून ३५ वर आणायचा आणि पूर्ण सोडायचा. हलका पाय ठेवून मैलभर घासत नेला तर पुढचे ब्रेक तापतात, आणि त्या काळात मागची प्रणालीही तेवढाच वेळ दाबून राहते. मागे बांधलेल्या गाडीसह रिव्हर्स कधीच घ्यायचा नाही, काही फुटांतच जीपची पुढची चाकं आडवी वळतात आणि टो बार वाकतो. पंप निवडायचा तोही आरपार निघता येईल असा.

दुरुस्तीनंतरचा पहिला घाट व्हेल खिंडीचा होता, १०,६६२ फुटांवरचा, पश्चिमेला पुन्हा सात टक्के उताराचा. माथ्यावरच्या थांब्याला डिस्क मोजल्या: पुढच्या ४४ आणि ४६ अंश. खाली व्हेल गावात पोचल्यावर पुन्हा मोजल्या: ९८ आणि १०१, मागच्या ७०. वाटेत लाल दिवा अकरा वेळा लागला. चालकाने ब्रेकही अकराच वेळा दाबला होता, शेजारी बसलेल्या बायकोने वहीत रेघा मारून मोजले होते.